स्वातंत्र्याच्या तीन तारखा

१. प्रास्ताविक

दिनदर्शिकेत वर्षाचे ३६५ दिवस सारख्याच आकाराच्या चौकटींत छापलेले असतात. तरीही काही तारखा उच्चारताच मनात एखादी घटना जागी होते. १५ ऑगस्ट म्हटले की स्वातंत्र्य आठवते, ३० जानेवारी म्हटले की महात्मा गांधींची हत्या आठवते. तारीख ही खरे तर काळ मोजण्याची एक खूण. परंतु समाज जेव्हा एखादी घटना विसरायची नाही असे ठरवतो, तेव्हा त्या खुणेला अर्थ प्राप्त होतो.

भारत स्वतंत्र कधी झाला, या प्रश्नाचे उत्तर लहान मूलही देईल. मात्र भारतातील प्रत्येक माणसाच्या दारात स्वातंत्र्य त्याच दिवशी पोहोचले का? आज महाराष्ट्र व गोवा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशापुरता विचार केला, तरी या प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात : १५ ऑगस्ट १९४७, १७ सप्टेंबर १९४८ आणि १९ डिसेंबर १९६१. या तीन तारखांची ओळख प्रस्तुत पाठात करून घ्यायची आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• स्वातंत्र्याशी निगडित तीन तारखांमागील घटना सांगू शकाल;
• एखादी तारीख स्मरणदिन कशी बनते, हे स्पष्ट करू शकाल;
• एकाच घटनेला दिलेल्या वेगवेगळ्या नावांमधील अर्थच्छटा ओळखू शकाल;
• तुमच्या प्रदेशातील एखाद्या महत्त्वाच्या तारखेविषयी परिच्छेद लिहू शकाल.

३. मूलपाठ

३.१ पहिली तारीख : १५ ऑगस्ट १९४७

ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी जाहीर केले, की जून १९४८पर्यंत भारताची सत्ता भारतीयांच्या हाती सोपवली जाईल. त्यानंतर व्हाइसरॉय म्हणून आलेले लॉर्ड माउंटबॅटन यांनी ही मुदत बरीच अलीकडे आणली आणि १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस मुक्रर केला. दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती जाहीर केली, ती १५ ऑगस्ट १९४५ रोजी. आग्नेय आशियातील दोस्त राष्ट्रांच्या फौजांचे सेनापती या नात्याने माउंटबॅटन यांना त्या दिवसाचे महत्त्व वाटत होते. भारताच्या इतिहासातील सर्वांत मोठी तारीख अशा प्रकारे एका परकीय सत्ताधीशाच्या आठवणीतून निवडली गेली. परंतु तिला अर्थ दिला तो भारतीयांनी. त्यामागे कित्येक दशकांचा लढा, तुरुंगवास आणि बलिदान होते.

१४ ऑगस्टच्या मध्यरात्री दिल्लीत सत्तांतर झाले. मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर येथे तिरंगा फडकला. त्याच सुमारास पंजाब व बंगाल या प्रांतांत मात्र फाळणीच्या आगीत माणसे होरपळत होती. लक्षावधी कुटुंबे घरदार सोडून निघाली. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याणजवळील छावणीतूनच पुढे उल्हासनगर वसले. अशा कुटुंबांच्या स्मरणात १५ ऑगस्टचा आनंद आणि घर सुटल्याचे दुःख एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही.

या दिवशी आणखी एक गोष्ट घडत होती, किंवा खरे तर घडत नव्हती. सोलापुरात ध्वजवंदन चालू असताना तेथून काही कोसांवर असलेल्या नळदुर्गात तिरंगा फडकवणे हा अपराध होता. नळदुर्ग निजामाच्या राज्यात होते.

३.२ दुसरी तारीख : १७ सप्टेंबर १९४८

ब्रिटिश सत्तेच्या काळात भारतात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. त्यांपैकी बहुतेक संस्थाने १५ ऑगस्टपूर्वी भारतात सामील झाली. हैदराबाद संस्थान मात्र बाहेर राहिले. त्याची लोकसंख्या १९४१च्या जनगणनेनुसार एक कोटी साठ लाखांहून अधिक होती. संस्थानातील सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू भाषकांचे, तीन कन्नड भाषकांचे, तर पाच मराठी भाषकांचे होते. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे ते पाच जिल्हे. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळे मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या मुलाला वरच्या वर्गात मातृभाषेची सोबत उरत नसे.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७मध्ये स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. हैदराबाद स्टेट काँग्रेसने याला विरोध केला. या संघटनेचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी संन्यास घेतला होता. पण लोकांच्या सुखदुःखाचा संन्यास त्यांनी घेतला नव्हता. ऑगस्ट १९४७मध्ये त्यांना अटक झाली. भारत स्वतंत्र झाला त्या वेळी मराठवाड्याचा हा नेता तुरुंगात होता.

तेथून पुढचे तेरा महिने सामान्य माणसाची कसोटी पाहणारे ठरले. लोकांनी शिंदीची झाडे तोडून सरकारचे मद्यावरील उत्पन्न बुडवले. लेव्हीचे धान्य देण्याचे नाकारले. सरहद्दीवरील करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले. उमरी येथील बँकेवरचा क्रांतिकारकांचा प्रसिद्ध हल्ला ३० जानेवारी १९४८ रोजी झाला. त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. देशाच्या स्मरणात ती तारीख गांधीजींची राहिली, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु उमरी परिसरातील माणसांना त्या दिवसाची आणखी एक आठवण आहे.

दुसऱ्या बाजूला कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेने दहशत माजवली. ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वयंसेवक’ असा आहे. पण गावे जाळणे, लुटालूट आणि हत्या यांमुळे मराठवाड्याच्या बोलीत हा शब्द भीतीचा व जुलमाचा वाचक बनला. रझाकारांच्या अत्याचारांना विरोध करणाऱ्यांत मुसलमानही होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याची बाजू निर्भयपणे मांडली. ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबाद शहरात त्यांची हत्या करण्यात आली.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. सोलापूरच्या बाजूने निघालेल्या मुख्य तुकडीचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे होते. पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आले. तेरा महिन्यांपूर्वी सोलापूर आणि नळदुर्ग यांच्यामध्ये असलेली रेषा त्या दिवशी पुसली गेली. दुसऱ्या दिवशी औरंगाबाद मुक्त झाले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १५ ऑगस्ट १९४७नंतरचा हा ३९९वा दिवस होता.

या तारखेची एक काळी बाजूही आहे. कारवाईच्या काळात व त्यानंतरच्या दिवसांत, ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा असंख्य मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पाठवण्यात आले. त्याचा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. मुक्तीचा आनंद मानताना हे दुःखही जाणून घेणे, हा इतिहासाच्या प्रामाणिक अभ्यासाचाच भाग होय.

३.३ तिसरी तारीख : १९ डिसेंबर १९६१

इंग्रज गेले, निजामाची सत्ता संपली. गोवा, दमण आणि दीव येथे मात्र पोर्तुगिजांचा अंमल चालूच होता. अफोन्सो द अल्बुकर्क याने १५१०मध्ये गोवा जिंकला, तेव्हापासून ही सत्ता पाय रोवून उभी होती. हे प्रदेश आपल्या देशाचाच भाग आहेत, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा दावा होता.

गोव्यातील जनतेची स्वातंत्र्याची आकांक्षा जुनी होती. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८मध्ये गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली होती. डॉ. राममनोहर लोहिया हे आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळणे येथील घरी विश्रांतीसाठी आले असता, परवानगीशिवाय सभा घेण्यासही तेथे बंदी असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे बंदी मोडून सभा भरवण्यात आली आणि दोघांनाही अटक झाली. गोव्यात हा दिवस क्रांतिदिन म्हणून पाळला जातो.

१९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. ज्येष्ठ संगीतकार व गायक सुधीर फडके या लढ्यात सहभागी होते. पुढच्या वर्षी गोव्याच्या सत्याग्रहाला वेग आला. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि वयोवृद्ध सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. सुधाताई जोशी यांनी म्हापसे येथे कारावास पत्करला.

सर्वांत मोठा सत्याग्रह ठरला तो १५ ऑगस्ट १९५५ या दिवशी. ही निवड सहेतुक होती. भारताच्या स्वातंत्र्यदिनीच, अजून पारतंत्र्यात असलेल्या भूमीवर तिरंगा न्यायचा होता. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर जमले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. बांद्याजवळील पत्रादेवीच्या सीमेवर पंजाबातून आलेले तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल यांनी प्राण वेचले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय गोळ्या लागून जखमी झाल्या. ज्यांची मातृभाषा मराठीही नव्हती आणि कोकणीही नव्हती, अशी ही माणसे गोव्याच्या मातीसाठी पुढे आली. पत्रादेवी येथील हुतात्मा स्मारक त्यांची साक्ष देते.

वाटाघाटींना यश येत नाही असे पाहून भारत सरकारने अखेर सैनिकी मार्ग स्वीकारला. १७ डिसेंबर १९६१च्या रात्रीपासून ‘ऑपरेशन विजय’ला प्रारंभ झाला. या वेळी दक्षिण विभागाचे लष्करप्रमुख होते लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधुरी. तेरा वर्षांपूर्वी सोलापूरहून हैदराबादकडे निघालेले तेच हे अधिकारी. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा आदेश लिस्बनहून आला होता. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी तो मानला नाही. व्यर्थ रक्तपात व विध्वंस टाळून त्यांनी १९ डिसेंबरच्या सायंकाळी शरणागती पत्करली. त्याबद्दल मायदेशी त्यांना सैन्यातून बडतर्फ व्हावे लागले. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली.

तरीही एका माणसासाठी ही तारीख अपुरी ठरली. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे १९५५मध्ये पोर्तुगिजांच्या हाती सापडले होते. त्यांना पोर्तुगालमधील तुरुंगात ठेवण्यात आले. गोवा मुक्त झाल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. ज्या भूमीसाठी ते लढले ती स्वतंत्र झाल्यानंतर सात वर्षे ते कैदेतच होते. जानेवारी १९६९मध्ये ते मुक्त झाले. देशाला, प्रदेशाला आणि व्यक्तीला स्वातंत्र्य वेगवेगळ्या दिवशी मिळू शकते, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

३.४ तारखेला अर्थ कोण देते?

या तीन तारखांशेजारी आणखी एक तारीख ठेवून पाहू. डिसेंबर १९२९मध्ये लाहोर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळण्याचे आवाहन केले. गावोगावी लोकांनी प्रतिज्ञा घेतली. पुढे सतरा वर्षे लोकांचा स्वातंत्र्यदिन २६ जानेवारी हाच होता. प्रत्यक्ष सत्तांतर १५ ऑगस्टला झाल्याने ती तारीख मागे पडण्याची चिन्हे होती. परंतु संविधानकर्त्यांनी तिला विसरू दिले नाही. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी मात्र २६ जानेवारी १९५० हा दिवस निवडला गेला. परकीय सत्ताधीशाने ठरवलेली तारीख आपला स्वातंत्र्यदिन झाली, तर लोकांनी ठरवलेली तारीख आपला प्रजासत्ताक दिन झाली.

असेच उदाहरण ‘छोडो भारत’ आंदोलनाचे. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर तो ठराव ८ ऑगस्ट १९४२च्या रात्री संमत झाला. पहाटे नेत्यांची धरपकड झाली. नेते तुरुंगात गेल्यावर सामान्य माणसांनी आंदोलन हाती घेतले, तो दिवस ९ ऑगस्टचा. क्रांतिदिन म्हणून स्मरणात राहिली ती ठरावाची नव्हे, तर लोकांच्या कृतीची तारीख.

एकाच तारखेकडे सर्वजण एकाच दृष्टीने पाहतील असेही नाही. १७ सप्टेंबर हा दिवस महाराष्ट्रात ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ म्हणून पाळला जातो. कर्नाटकात तो ‘हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन’ होता. २०१९पासून तो ‘कल्याण-कर्नाटक उत्सव’ झाला. तेलंगणात जमीनदारीविरुद्धच्या शेतकरी लढ्याच्या स्मृती याच काळाशी जोडलेल्या आहेत. तेथील राज्य सरकारने २०२२मध्ये हा दिवस ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून साजरा केला. केंद्र सरकारने २०२४मध्ये ‘हैदराबाद मुक्ती दिन’ हे नाव घोषित केले. घटना एक, तारीख एक. नावे मात्र अनेक. प्रत्येक नाव त्या घटनेतील एक पैलू पुढे आणते आणि दुसरा मागे ठेवते.

म्हणून तारीख पाठ करणे ही इतिहासाच्या अभ्यासाची केवळ पहिली पायरी ठरते. त्या दिवशी कोण आनंदात होते, कोण अजून वाट पाहत होते, कोणाची आठवण नोंदली गेली आणि कोणाची राहून गेली, हे प्रश्न विचारले की तारखेमागची माणसे दिसू लागतात. शासकीय सुट्टीच्या यादीत नसलेल्या कितीतरी तारखा एखाद्या गावाने, एखाद्या कुटुंबाने जपून ठेवलेल्या असतात. त्यांचेही स्थान इतिहासात आहे.

४. शब्दार्थ

मुक्रर करणे – निश्चित करणे, ठरवणे
कोस – अंतर मोजण्याचे जुने माप, सुमारे दोन मैल
मनोदय – मनातील हेतू
लेव्ही – शेतकऱ्याने सरकारला सक्तीने द्यावयाचे धान्य
करोडगिरी नाका – निजामी राज्यातील जकात वसुलीचे ठाणे
शस्त्रसंधी – लढाई थांबवण्याचा निर्णय
सहेतुक – हेतू मनात धरून केलेले
बडतर्फ – नोकरीवरून काढून टाकलेला

५. पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. सोलापुरात ध्वजवंदन होत असताना नळदुर्गात तिरंगा फडकवणे अपराध होता, कारण –
(क) तेथे पोर्तुगिजांची सत्ता होती (ख) ते निजामाच्या राज्यात होते (ग) तेथे ब्रिटिश सैन्य होते
२. ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ –
(क) सैनिक (ख) जमीनदार (ग) स्वयंसेवक

(आ) रिकाम्या जागा भरा.
३. मडगाव येथील सभा ______ रोजी झाली.
४. संविधान ______ रोजी स्वीकारले गेले.

(इ) चूक की बरोबर ते सांगा.
५. गोवा मुक्त होताच मोहन रानडे यांची सुटका झाली.
६. ‘छोडो भारत’ ठराव ८ ऑगस्ट १९४२च्या रात्री संमत झाला.

६. भाषाभ्यास

(अ) शब्दांच्या छटा

हैदराबाद संस्थानातील घटनेसाठी निरनिराळे शब्द वापरले जातात. ‘मुक्ती’ या शब्दात बंधन तुटल्याची भावना आहे. तो बंधनात असलेल्या माणसाच्या बाजूने बोलतो. ‘विलीनीकरण’ हा शब्द राज्यकारभाराचा आहे. एक प्रदेश दुसऱ्यात मिसळला, एवढेच तो सांगतो. ‘पोलीस कारवाई’ या शब्दाने सैन्याची मोहीम ही देशांतर्गत सुव्यवस्थेची बाब ठरते, परराष्ट्राशी झालेले युद्ध ठरत नाही. वर्तमानपत्र वाचताना एखाद्या घटनेसाठी कोणता शब्द योजला आहे, याकडे लक्ष द्या. शब्दाच्या निवडीत लिहिणाऱ्याची भूमिका दडलेली असते.

(आ) ‘तारीख’ आणि ‘तिथी’

‘तारीख’ हा शब्द अरबी भाषेतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबी, फारसी व उर्दू या भाषांत त्याचा अर्थ ‘दिनांक’ असाही होतो आणि ‘इतिहास’ असाही होतो. मराठीतील ‘तवारीख’ हा शब्द त्याच कुळातील. ‘तिथी’ हा शब्द संस्कृतमधून आला असून तो चंद्राच्या गतीवर आधारलेल्या पंचांगातील दिवस दर्शवतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीला झाला. त्या दिवशीची तारीख ६ जून १६७४ अशी दिली जाते. तिथी व तारीख यांची चाल वेगळी असल्याने पुढील वर्षांत त्या एकाच दिवशी येतीलच असे नाही. त्यामुळे हा सोहळा दोन वेगवेगळ्या दिवशीही साजरा होतो.

(इ) पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
पाय रोवून उभे असणे, प्राण वेचणे, सूड उगवणे, साक्ष देणे.

७. तुम्ही काय शिकलात?

• १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला, तरी मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला.
• तारखेची निवड सत्ताधीशही करतात आणि लोकही करतात. तिचा अर्थ लोकांच्या स्मरणाने टिकतो.
• एकाच तारखेला वेगवेगळे समूह वेगवेगळी नावे देतात. ही नावे त्यांच्या अनुभवांतून येतात.
• विजयाच्या तारखेमागे दुःखही असू शकते. दोन्ही जाणून घेणे आवश्यक आहे.

८. पाठान्त प्रश्न

१. १५ ऑगस्ट या तारखेची निवड कोणी व कोणत्या कारणाने केली?
२. मराठवाड्यातील जनतेने निजामी सत्तेला कोणकोणत्या मार्गांनी विरोध केला?
३. १५ ऑगस्ट १९५५चा सत्याग्रह संपूर्ण भारताचा होता, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी वरिष्ठांचा आदेश न मानता शरणागती पत्करली. त्यांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
५. ‘देशाला, प्रदेशाला आणि व्यक्तीला स्वातंत्र्य वेगवेगळ्या दिवशी मिळू शकते.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत मांडा.
६. उपक्रम : तुमच्या कुटुंबातील किंवा परिसरातील एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीला विचारा, की आयुष्यातील कोणती तारीख त्यांच्या कायम स्मरणात आहे. त्यामागील घटना ऐकून घ्या आणि दहा ते बारा ओळींत लिहून काढा. लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवा व काही राहून गेले असल्यास त्यात भर घाला.

९. पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (ख)  २. (ग)  ३. १८ जून १९४६  ४. २६ नोव्हेंबर १९४९  ५. चूक  ६. बरोबर